नामपल्लीत उतरल्यावर काय खावे?

आपल्याकडची माणसे हैदराबादला जातात ती बहुधा दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. खायचे म्हटले की बिर्याणी, त्यापुढे कोणी विचारत नाही. आम्ही पडलो शाकाहारी, त्यामुळे सासूबाईंच्या डोळ्यांसाठी निघालो तेव्हा मी दोन दिवसांच्या दशम्या बांधूनच घेतल्या होत्या. खरी काळजी वेगळीच होती. सासरे गेल्यापासून सासूबाईंचे अन्नावरचे मनच उडाले होते. अर्धी भाकरी खायची आणि ‘साकु’ म्हणून ताट सारायचे.

नामपल्ली स्टेशनातून बाहेर आलात की आधी इराणी चहा घ्या. हा आपल्यासारखा एकत्र उकळत नाहीत. चहाचा अर्क झाकण घट्ट बंद करून मंद आचेवर ठेवतात, दूध वेगळे आटवतात आणि कपातच दोन्ही एकत्र करतात. सोबत उस्मानिया बिस्कीट: तोंडात विरघळणारे, गोडसर आणि किंचित खारट. सासूबाईंनी एक बुडवून खाल्ले, मग न विचारता दुसरे उचलले. मी तिकडे पाहिलेच नाही, असे दाखवले!

लुखमी, म्हणजे खिम्याचा चौकोनी समोसा, आणि हलीम हे मांसाहारींसाठी. हलीममध्ये गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटतात. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खरा हंगाम रमजानचा. नुमाइश पाहायची असेल तर मात्र जानेवारीत जा; १९३८ पासूनची ही जत्रा नामपल्लीतच भरते.

दुपारी जेवताना बगारा बैंगन मागवले. छोटी वांगी, दाण्याचे कूट, तीळ, खोबरे, चिंच. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, “इदु नम्म एण्णेगायी!” मी म्हटले, “अहो, ही तर आमची भरली वांगी.” त्यावर आमचा वाद जुंपला. शेंगदाणे भाजून की कच्चे, गूळ हवा की नको! वाद चालला तोवर त्यांनी दुसरी पोळी मागवली होती. बीदर, गुलबर्गा, रायचूर आणि मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. हद्दी बदलल्या, पण वांगी, तीळ आणि चिंच जिथल्या तिथेच राहिली. माझ्या मते बगारा बैंगन आपल्यापेक्षा जास्त आंबट असते. खट्टी डाळही तशीच, चिंचेची. भाताबरोबर फार छान लागते.

गोडात ‘डबल का मीठा’ सगळ्यांना माहीत असतो: तुपात तळलेला पाव, साखर, आटवलेले दूध. मला तो फार जड वाटतो. त्यापेक्षा खुबानी का मीठा घ्या. वाळलेले जर्दाळू भिजवून साखरेत शिजवतात, वर साय घालतात. बियांच्या आतला गर बदामासारखा लागतो, तोही फोडून वरून घालतात.

संध्याकाळी मोझमजाही मार्केटकडे गेलो. १९३५ सालची ही दगडी इमारत स्टेशनपासून फार लांब नाही. परतताना अर्धा किलो वाळलेली खुबानी घेतली. घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतः भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी अंगणात बत्ता घेऊन बसल्या. बिया फोडायच्या, दोन वाटीत टाकायच्या, एक तोंडात. वाटी काही भरेना. दशम्या तशाच परत आल्या होत्या. त्यांची आम्ही फोडणी केली.