कासरा

१९७२ साली आमच्या खानापूर तालुक्यात विहिरी तळाला गेल्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. घरात अमेरिकेची तांबडी मिलो. तिची भाकरी थापतानाच चिरायची, अन् गार झाली की दातांना दाद देत नसे. माणसांचं कसंबसं भागलं. जनावरांचं काय? कडब्याची गंज केव्हाच संपली होती.

एके दिवशी आण्णा म्हणाले, "चल, विट्याचा बाजार दावतो तुला." मी हुरळलो. सर्जाला घेऊन पहाटंच निघालो. विटा म्हणजे मला तेव्हा मुंबईच! एस्टी स्टँड, हाटेलातली भजी, माणसंच माणसं.

बाजारात एकानं रुमालाखाली आण्णांची बोटं धरली. सौदा मिटला. आण्णांनी कासरा तेवढा सोडून घेतला, अन् मला भेळ घेऊन दिली. मी बोटं चाटून खाल्ली. ते नुसतं पाणी प्याले.

वाटेत विचारलं, "आण्णा, सर्जा आता कुणाच्या रानात जाणार?"

"चल बिगीबिगी. ऊन लागंल."

आई दारातच उभी होती. तिनं कासरा बघितला अन् आत गेली.

पुढं मोठेपणी मी स्वतः बैल घ्यायला गेलो. औताला बैल घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो. तेव्हा एकदम आठवलं, त्या माणसानं सर्जाच्या तोंडाला हातही लावला नव्हता. नुसता पुठ्ठ्यावरून हात फिरवून मांस चाचपलं होतं.