दोन वऱ्हाडी

तिवसा मुक्कामी आमच्या घरात तीन संगणक, आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. माझा विंडोज, नातवाचा लिनक्स आणि मुलाने पुण्याहून आणून टाकलेला हिचा जुना मॅक. पेन ड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत हेलपाटे घालायचा मला कंटाळा आला. नातू म्हणाला, "आबाजी, कोपऱ्यातल्या त्या जुन्या डब्याचा फाइल सर्व्हर करू."

इकडे वीज सांगून जात नाही, म्हणून आधी यूपीएस घेतला. मग डब्यावर डेबियन लिनक्स आणि त्यावर सांबा. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेलने १९९१ च्या अखेरीस हे काम सुरू केलं. समोरच्या यंत्राची भाषा कागदावर मिळाली नाही, तर तारेवरून काय जातं-येतं ते बघून त्याने ती ओळखली. पुढे एस, एम, बी ही अक्षरं ओळीने असलेला शब्द कोशात शोधला, तो निघाला सांबा! युनिक्सच्या घरी विंडोजची बोली बोलणारा हा दुभाषा. मॅकलाही ती बोली कळते.

युनिक्सला इंग्रजीतली मोठी आणि लहान अक्षरं वेगळी वाटतात, विंडोजला नाही. देवनागरीत ती भानगडच नाही, म्हणजे आपण सुटलो, असं मला वाटलं होतं.

माझ्या फायली आधीच सर्व्हरवर होत्या. मॅकवरच्या आम्ही आरसिंकने आणल्या (हाही ट्रिजेलचाच, जोडीला पॉल मॅकेरास, १९९६). आणि एकाच कप्प्यात 'वऱ्हाडी शब्द' नावाच्या दोन फायली दिसू लागल्या. नाव तेच, काना-मात्रेचा फरक नाही. युनिक्समध्ये एका कप्प्यात एका नावाच्या दोन फायली राहूच शकत नाहीत. मला वाटलं काहीतरी बिघाड आहे, एक पुसून टाकावी. बोट बटणावर होतं.

नातवाने नावांचे बाईट काढून दाखवले. माझ्या फायलीत ऱ हे एकच अक्षर, तीन बाईटचं. मॅकवरून आलेल्या नावात साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, सहा बाईट. जुन्या मॅकची साठवणपद्धत नावं अशी फोडून ठेवते. युनिकोडच्या नियमाने दोन्ही एकच, पण युनिक्स नुसते बाईट बघतो. आमच्या नेहमीच्या मराठी अक्षरांत ही फोड एकट्या ऱ ची होते, आणि तो नेमका वऱ्हाडीत बसलेला! वर्गात एकाच नावाचे दोन विद्यार्थी असले की मी बापाचं नाव विचारायचो. इथे बाईट विचारावे लागले.

कॉन्व्हएमव्ही नावाची आज्ञा फोडलेली नावं पुन्हा जोडते. 'शेतकऱ्याची अवजारं' वगैरे तिने निमूट जोडली. 'वऱ्हाडी शब्द'पाशी मात्र अडली. त्या नावाची फाइल आधीच आहे, म्हणून सोडून दिली, असं म्हणाली. तिचे उपकारच. एका फायलीला मी हाताने दुसरं नाव दिलं आणि दोन्ही उघडल्या.

माझ्याकडची जुनी नक्कल होती. मॅकवरची हिने शेवटच्या दिवाळीत पुण्याला बसून वाढवलेली, पोट्टं, वावर, बुढा असे कितीतरी शब्द घालून. पुढच्या दिवाळीला ही नव्हती.

शेवटचा शब्द होता 'कायले'. अर्थ दिलेला, कशाला. त्यापुढे उदाहरण: "मास्तर, रोज रोज थे मशीन कायले खोलता?"