कमान सगळ्यांची, नाव आपलं

नवा व्यवसाय काढणारी माणसं माझ्याकडे बोधचिन्हासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात चित्र ठरलेलं असतं. कुणाला मकबऱ्याचा घुमट हवा असतो, कुणाला कैलास लेणं, कुणाला आपल्या बावन्न दरवाजांपैकी एखादी कमान. त्यामागचा शहराचा अभिमान मला मोलाचा वाटतो. तरीही मी कमान काढून देत नाही. टूर्सवाल्याची कमान, लॉजची कमान आणि मसाल्याच्या पाकिटावरही कमान असेल, तर गिऱ्हाइकाने आपली कोणती ते ओळखायचं कसं? जे अख्ख्या शहराचं आहे, त्याने एका दुकानाची ओळख होत नाही.

शहराच्या नावाचंही तसंच. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी 1626 मध्ये फतेहनगर झाली, 1653 मध्ये औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. ज्यांनी शहराचं नाव व्यवसायाच्या नावात गुंफलं होतं, त्यांना पाटीपासून पिशवीपर्यंत सगळ्याचा नव्याने विचार करावा लागला. ज्यांचं नाव स्वतःचं होतं, त्यांचा फक्त पत्ता बदलला. कायद्याचा कलही इकडेच आहे. गावाचं नुसतं नाव किंवा मालाचा गुण सांगणारा शब्द 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली सहसा नोंदवून मिळत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्या मागांवर आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मराठवाड्याच्या केसर आंब्याला आणि जालन्याच्या मोसंबीलाही ते आहे. पण मानांकन त्या प्रदेशातल्या सर्व उत्पादकांचं असतं. यंत्रमागाच्या नकलेपासून हातमागाला वेगळं काढायला ते उपयोगी पडतं; मात्र दोन विणकरांपैकी कुणाचं काम सरस, हे ते सांगत नाही. सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून विणलेल्या हिमरूबद्दलही हेच म्हणावं लागेल. शालीवर ‘हिमरू’ एवढंच लिहिलं, तर घरी नेलेली शाल कुणाच्या हातची होती, हे पुढच्या खरेदीच्या वेळी आठवत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की कलेच्या नावाशेजारी विणणाऱ्या घराचं नाव यावं, आणि ते दरवेळी एकाच वळणात यावं.

नाव ठरवताना मी ते फोनवर सांगून पाहायला लावतो. समोरच्याने पुन्हा विचारलं, तर नाव अवघड आहे. मग व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घ्यायचा. माल आणि सेवा मिळून तिथे 45 वर्ग आहेत. मसाले 30 व्या वर्गात येतात, खानावळ 43 व्या. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला, तर एका वर्गाची फी 4,500 रुपये पडते. पाटी रंगवण्याआधी हा खर्च करावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

नावानंतर अक्षर. आमच्याकडे अजूनही आधी इंग्रजी बोधचिन्ह होतं आणि मराठी त्याच्या मापात कोंबली जाते. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्यांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते. ती नाकारली की अक्षर गुदमरतं. 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि त्यावरचं मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाही. मग कामाची सुरुवातच देवनागरीपासून का करू नये? मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेने घडवलेले मुक्ता, बालू असे सुंदर टंक मोफत मिळतात. राज्य शासनाने 2009 मध्ये प्रमाण मानलेला पाकळीचा ल आणि देठाचा श वापरला, तर पाटी मराठी वळणाची दिसते. गुलमंडीच्या गर्दीत रिक्षातून जाणाऱ्याला ती वाचता आली पाहिजे.

तयार झालेलं चिन्ह मी रबरी शिक्क्यावर, एकरंगी पावतीवर आणि व्हॉट्सअॅपच्या छोट्या गोलात तपासतो. तिथे टिकलं, तर कुठेही टिकतं. खाद्यपदार्थ असेल, तर लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक लागतो. शंभर ग्रॅमच्या पाकिटावर हे सगळं आधी बसवावं आणि उरलेल्या जागेत सजावट करावी. उलट केलं, की छापून आलेल्या पाकिटावर स्टिकर चिकटवायची वेळ येते.

पापड-लोणच्यांचा घरगुती उद्योग करणाऱ्या बायका मला विचारतात, “दादा, एवढं सगळं आत्ताच करायचं का?” रंगीत पुस्तिका, जाहिरातीची चित्रफीत हे सगळं थांबू शकतं. नाव, अक्षर आणि लेबल थांबू शकत नाही, कारण पहिलं पाकीट विकलं गेलं की गिऱ्हाइकाची आठवण त्यांच्याशीच जोडली जाते. दर सणाला रंग आणि अक्षर बदलणारा ती आठवण स्वतःच पुसत राहतो. नोंदवलेल्या चिन्हाची मुदत दहा वर्षांची असते आणि नंतर ती पुन्हा वाढवता येते. दहा वर्षांनी फी भरून राखावंसं वाटेल असं नाव आज निवडा, आणि तोवर त्या नावाखाली विकला जाणारा माल त्याला शोभेल असाच ठेवा.