वाळूची ऊब

"यात मुलगे किती नि मुली किती?" सासूबाईंनी विचारलं आणि मी चपापले. माझी धाकटी झाली तेव्हाही त्यांचा पहिला प्रश्न असाच होता.

गेल्या मार्चमध्ये आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलो होतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी २००२ पासून इथं समुद्री कासवांची घरटी जपली. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली आणि तळहातावर मावतील अशी ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाण्याकडे निघाली.

देखरेख करणारा तरुण हसला. "आजी, ते वरून कळत नाही. आणि ते आईबाप नाही, वाळू ठरवते!"

खरंच आहे ते. मादी शंभरेक अंडी घालते, वाळूनं झाकते आणि निघून जाते. पुढचे पन्नासेक दिवस अंडी उबवते ती वाळूच. त्यातल्या मधल्या दिवसांत वाळू थंड असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. दोन-तीन अंशांच्या फरकानं सारं पारडं फिरतं. मगरीचं गणित निराळं. तिच्या अंड्यांतून ३१ अंशांपर्यंत माद्या आणि ३२.५ अंशांच्या आसपास बहुतेक नर निघतात. सरड्यांमधली ही गंमत मादलेन शार्निए या संशोधिकेनं १९६६ मध्ये प्रथम मांडली.

पण आता ती गंमत राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या अल्पवयीन हिरव्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. वाळू अशीच तापत गेली तर नर कुठून यायचे?

परतताना सासूबाई म्हणाल्या, "बरंय, त्या कासविणीला कुणी बोल लावत नाही."

इतकी वर्षं गिळलेलं वाक्य मी बोलून टाकलं, "आई, माणसांत तर ते बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. बाईच्या हाती काहीच नसतं."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तीन मुलींपायी मी दहा वर्षं फुकटच ऐकून घेतलं गं."

मला उत्तर सुचेना. त्यांनी धाकटीला जवळ ओढलं आणि तिच्या पायांची वाळू पदरानं पुसू लागल्या.