फार स्वच्छ पाणी

घर स्वच्छ असावे, अक्षर स्वच्छ असावे आणि भाषा तर त्याहून स्वच्छ असावी, अशा मताचा मी माणूस आहे. कॉलेजात मराठी शिकवता शिकवता गेल्या वीस वर्षांत मी किती तांबडी पेने झिजवली, त्याची गणती नाही. अशा माणसाच्या हाती कुणी समुद्र देऊ नये. आमच्या कन्येने तो दिला.

समुद्र म्हणजे दोनशे लिटरची काचेची टाकी. कन्या मत्स्यविज्ञान शिकायला रत्नागिरीला गेली, तेव्हा ती माझ्या हवाली करून गेली. आत क्लाउनफिशची जोडी, सहा गोगलगायी आणि खडकांवर बटनांएवढी मऊ प्रवाळे. (दगडी प्रवाळांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, ती उचलून घरी आणायची नसतात, हे तिनेच मला बजावले होते.) "बाबा, खाणं वेळेवर घाला आणि फार काही करू नका," एवढे सांगून ती गाडीत बसली.

'फार काही करू नका' ही सूचना मास्तराला पाळता येत नाही. मी खाणे निम्म्यावर आणले, आठवड्यातून दोनदा पाणी बदलू लागलो, फॉस्फेट शोषून घेणारे दाणे आणून टाकले. दोन महिन्यांत चाचणीच्या नळीत नायट्रेट शून्य, फॉस्फेटही शून्य! आयुष्यात प्रथमच शून्य गुणांचा मला आनंद झाला. ती नळी मी घरभर दाखवीत फिरलो.

पुढच्या पंधरवड्यात वाळूवर तपकिरी असे काही दिसू लागले. शेंबडासारखे चिकट, तार धरणारे, पोटात बुडबुडे अडकलेले. रात्री दिवा मालवला की ते ओसरे आणि दुपारपर्यंत पुन्हा हजर होई. मी ते नळीने ओढून काढले, खडक दात घासायच्या ब्रशाने घासले, आणखी पाणी बदलले. जो जो घासावे तो तो ते वाढे. मग एक गोगलगाय उलटी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. प्रवाळांनी तोंडे मिटून घेतली.

"पोरीला फोन करा," सौ. म्हणाली. मी केला नाही. स्वतःची चूक कबूल करण्याची सवय असती, तर मी इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढीत बसलो असतो का?

शेवटी बाटलीत ती घाण भरून वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मला पाहायला लावले. पाण्याच्या थेंबासारख्या निमुळत्या पेशी, टोकाशी दाव्याने बांधल्यागत, गरगर गिरक्या घेत होत्या.

"ऑस्ट्रिऑप्सिस. डायनोफ्लॅजेलेटांतली एक जात," ते म्हणाले. "विषारी असतात. २००५ साली इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर यांची पैदास झाली, तेव्हा नुसत्या समुद्रावरच्या वाऱ्याने सुमारे २०० माणसं आजारी पडली. हातमोजे घालता ना?"

मी माझ्या हातांकडे पाहिले आणि त्या रात्री फोन केला.

"नायट्रेट किती आहे?" तिने एवढेच विचारले.

"शून्य." या वेळी सांगताना मान खाली होती.

"बाबा, पाणी उपाशी ठेवलंत तुम्ही. साधं शेवाळ, चांगले जिवाणू, सगळे उपासानं हटले आणि मोकळ्या घरात हे शिरले."

मग उपचार सुरू झाले. ते माझ्या सगळ्या संस्कारांच्या विरुद्ध होते. पाणी बदलणे बंद. खाणे पूर्ववत. नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून मापून आपल्याच हाताने घालायचे. पहिले दशलक्ष भागांत पाचाच्या वर, दुसरे ०.१ च्या आसपास. विष शोषायला कोळसा. ही जात रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगू लागते, म्हणून रात्रभर ते पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवायचे. कन्येच्या एका मित्राच्या जुन्या टाकीतला दगडही, त्यावरच्या किडामुंगीसकट, आणून ठेवला. सहा आठवडे लागले. एका सकाळी काचेवर हिरव्या शेवाळाची साय दिसली. एरवी मी ती तत्क्षणी पुसली असती. त्या दिवशी तिच्याकडे बघत चहा घेतला.

पुढे कन्येने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या मऊ प्रवाळांच्या अंगातही डायनोफ्लॅजेलेटच राहतात. उजेडावर अन्न करतात आणि यजमानाला वाढतात. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकवणारे जीवही त्याच कुळातले. समूळ निपटून काढावे असे ते कुळ नव्हते. मीच त्यातल्या वाईटांना रान मोकळे करून दिले होते.

ती आठवीत असताना तिने मला स्वतः लिहिलेला एक निबंध दाखवला होता. मी त्यात सतरा चुका काढल्या होत्या. त्यानंतर तिने लिहिलेले काही मला कधी दाखवले नाही. ही गोष्ट मी विसरलो होतो असे म्हणणे सोयीचे होईल, पण खरे नाही.

गेल्या डिसेंबरात ती घरी आली. आल्या आल्या टाकीपाशी गेली. "तीन गोगलगायी कमी आहेत," म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. रात्री जेवणानंतर तिने एक घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. रत्नागिरीच्या चमकत्या पाण्यावर तिने दोन पाने लिहिली होती. पहिल्याच ओळीत ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. पेन खिशात होते.

मी दोन्ही पाने वाचली, आणि विचारले, "मग पुढे काय झालं?"