वाहनाची किल्ली आणि घरची मर्यादा

मुलाच्या हाती वाहनाची किल्ली देणे हा वरवर पाहता केवळ सोयीचा प्रश्न वाटतो. शिकवणीला जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, वडिलांची धावपळ कमी होते. परंतु त्या किल्लीबरोबर मुलाचे स्वतःचे प्राण आणि रस्त्यावरील परक्यांचे प्राणही त्याच्या हाती सोपवले जातात. म्हणून श्रावकाच्या घरी हा प्रश्न सोयीआधी अहिंसेचा ठरतो.

जयसिंगपूर परिसरातील एका कुटुंबात हा प्रश्न मुलगा अकरावीत गेला तेव्हाच उभा राहिला. कॉलेज सांगलीला, वय सोळा. बरोबरीची मुले बिनदिक्कत गाड्या फिरवत होती. आजोबाही म्हणाले, “दोन वर्षांनी चालवायचीच आहे, मग आज चालवली तर काय बिघडले?” आईने मात्र ठाम नकार दिला, आणि कायदा तिच्या बाजूचा होता. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी केवळ 50 सीसीपर्यंतचे दुचाकी वाहन परवाना काढून चालवता येते; आजच्या बहुतेक स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. 2019 च्या दुरुस्तीने तर अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद केली. मुलगा दोन वर्षे एसटीने गेला. कुरकुरला, पण गेला.

अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवाना निघाला, पुढे पक्का परवाना हाती आला. त्या दिवशी सायंकाळच्या जेवणानंतर सर्व मंडळी एकत्र बसली आणि वहीत नियम लिहिले गेले. नवीन असे त्यांत फारसे नव्हते. श्रावकाच्या बारा व्रतांतच त्यांची मुळे होती.

दिग्व्रत आणि देशव्रत गमनाला मर्यादा घालतात. त्यानुसार पहिले सहा महिने घर ते कॉलेज एवढीच सीमा ठरली; कोल्हापूरचा महामार्ग वर्ज्य. अनर्थदंडव्रत निष्प्रयोजन पापापासून परावृत्त करते. म्हणून नुसते भटकण्यासाठी गाडी काढायची नाही आणि कोणाशी शर्यत लावायची नाही. त्याच व्रतात हिंसादान, म्हणजे हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे, निषिद्ध मानले आहे. म्हणून गाडी मित्राला द्यायची नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात दिवस मावळण्याआधी परतण्याचा नियम जड गेला नाही. त्याला व्यवहाराचेही कारण होते. गळीत हंगामात या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसतानाही धावतात आणि अंधारात त्या दिसत नाहीत. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही. फोन डिकीत. शेवटचा नियम आजोबांनी सांगितला: काही विपरीत घडले तर पळून यायचे नाही, आधी जखमीला मदत, मग घरी फोन, आणि जे घडले ते खरेखरे सांगायचे.

वही मिटता मिटता मुलाने विचारले, “हे नियम बाबांनाही लागू ना?” वडिलांचे कापडाचे दुकान. गाडी चालवताना खांदा आणि कान यांमध्ये फोन धरून व्यापाऱ्यांशी बोलण्याची त्यांची सवय घरात सर्वांना ठाऊक होती. क्षणभर कोणी बोलेना. मग आजोबा म्हणाले, “व्रत घराचे आहे, एकट्या मुलाचे नाही.” वडिलांनी वहीखाली सही केली. मुलासाठी मांडलेली बैठक वडिलांनाही शिकवून गेली.

दोन महिन्यांनी कसोटी लागली. परवाना नसलेल्या मित्राने हट्ट धरला, मुलाने भिडेपोटी किल्ली दिली आणि मित्र वळणावर घसरला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. मुलाने त्याला दवाखान्यात नेले आणि तेथूनच घरी फोन केला. वडील गेले, दोघांनाही रागे भरले नाहीत. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या आईवडिलांना सर्व हकिकत सांगितली. घरी आल्यावर मात्र किल्ली महिनाभर आजोबांच्या कपाटात राहिली आणि मुलगा पुन्हा एसटीने जाऊ लागला. शिक्षा गाडी दिल्याची होती. खरे सांगितल्याबद्दल त्याला एकही कठोर शब्द ऐकावा लागला नाही. हा भेद मुलाच्या मनावर ठसला नसता, तर पुढच्या वेळी त्याने फोन केला नसता.

आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मूळ ठरवले. मुनी ईर्यासमिती पाळतात, पुढची जमीन न्याहाळून पाऊल टाकतात, ते याच जाणिवेने. रस्त्यावर कोणी जीव घेण्याच्या इच्छेने निघत नाही. बेसावधपणाचा एक क्षण पुरतो. किल्ली देणाऱ्या प्रत्येक घराने आपले नियम लिहून काढावेत, त्यांखाली थोरांनी आधी सही करावी आणि दर चतुर्दशीला सर्वांनी मिळून त्यांचे अवलोकन करावे. प्रतिक्रमणात आपण कळत नकळत दुखावलेल्या जीवांची क्षमा मागतो. त्या जीवांत रस्त्यावरून चालणारा अनोळखी माणूसही आहे, हे मुलांना घरातच कळले पाहिजे.