द्राक्षांच्या गावी दोन दिवस

मंडळी, नाशिकला आपण जातो ते बहुधा गोदास्नानाला. रामकुंडात बुडी मारायची, काळारामाचे दर्शन घ्यायचे, चिवड्याचे पुडे बांधून घ्यायचे आणि संध्याकाळची एस. टी. पकडायची. या खेपेला दोन दिवस काढा आणि जोडीने जा. जिभेला चव मिळेल, बागायतदाराला चार गोष्टी कळतील.

जावे ते जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. हवा गार असते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. शनिवार-रविवारी फार गर्दी, ते दिवस टाळा. रेल्वेने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, नाशिक रोड स्टेशन जुन्या शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे.

पहिल्या दिवशी सकाळीच गोदाकाठी जा. पंचवटीत काळारामाच्या पायऱ्या चढताना आठवा, याच दाराशी १९३० साली डॉ. आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला होता. मग न्याहारीला मिसळ. इथली मिसळ काळ्या मसाल्याची; बरोबर पाव, पापड आणि दही. रस्सा आधी थोडाच घाला, तिखटाचा अंदाज घ्या, मग हात सैल सोडा.

दुपारनंतर पांडवलेणी. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. २००० कार्षापणांवर महिना शेकडा एक आणि १००० वर पाऊण, असे व्याजाचे दर त्याने दगडात कोरून घेतले. हे लक्षात ठेवा, उद्या उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाकडे निघा. तिकडे वाइनचे कारखाने आहेत. आधी फोन करून वेळ ठरवा, म्हणजे सगळे दाखवतात. पांढऱ्या वाइनसाठी रस काढून साली बाजूला करतात. लाल वाइनसाठी सालींसकट आंबवतात, रंग सालीचाच असतो. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्य होते. म्हणून तोडणीआधी रोज ब्रिक्स मोजतात. चव पैसे भरून घोट-घोट देतात, पण एकवीस वर्षांखालच्यांना नाही. न पिणाऱ्याने संकोच करू नये. पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गाडी चालवणाऱ्याने मात्र घोटही घेऊ नये.

आता मुद्द्याचे. ते देखणे मळे पाहून ‘आपणही लावू’ असे मनात येईल. थांबा. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, आत बी. कारखान्याने नाही घेतले तर बाजारात खायला कोणी विचारत नाही. २००८-०९ च्या मंदीत वाइनचा खप घसरला, माल उचलला गेला नाही आणि अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. तेव्हा तिथेच शेजारच्या बागायतदारांना गाठा. भाव कोण ठरवतो, किती ब्रिक्सला किती पैसे, माल नाकारला तर काय, पैसे किती दिवसांत मिळतात, हे विचारा. करार किती वर्षांचा तेही विचारा, कारण बाग एका हंगामाची नसते.

उषवदाताने व्याज दगडात कोरून घेतले. आपण निदान कागदावर तरी घ्यावे. एवढे शिकून आलात तर प्रवासखर्च वसूल झाला. आणि हो, घरच्यांसाठी चिवडा विसरू नका!